बिनजामिनाचं कर्ज

अनुदानित शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगाराला तारीख नसते. एक तारखेला होतो असं कागदावर आहे. प्रत्यक्षात कधी सातला, कधी दहाला, आणि वरून पैसे आले नाहीत तर पंधरवडा उलटून जातो. आमच्या स्टाफरूममध्ये महिना लागला की सकाळी सकाळी एकच विचारणा असते, "आला का?" कोण आला, हे कुणी सांगत नाही. नवीन आलेल्या मास्तराला वाटतं की शिक्षणाधिकारी येणार आहेत.

मी अमरावतीच्या अशाच एका शाळेत गणित शिकवते. पगाराचा असा लहरी कारभार असल्यावर घर चालवायला मधे काहीतरी टेकू लागतो. तो टेकू म्हणजे ओडी. ओव्हरड्राफ्ट हा अख्खा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. आम्हा नोकरदारांची एक सहकारी बँक आहे. ती तुमच्या पगाराच्या काही पट रक्कम तुमच्या खात्यात उणे करू देते. पगार आला की उणे जरा आटतं, आणि आठवड्याभरात जिथल्या तिथं. व्याज ती महिन्याच्या शेवटी गुपचूप कापून घेते. पगार लांबला तरी बँक काही बोलत नाही, कारण तिथल्या बाबूंनाही ठाऊक असतं की तो लांबणारच.

माझं खातं कित्येक वर्षं उणेच होतं. एवढे पैसे गेले कुठं, असं विचारलंत तर मला सांगता येत नाही. आजारपण नव्हतं, कोर्टकचेरी नव्हती, कोणी बुडवलं नाही. मुलाची पुण्यातली फी, वरच्या खोलीचा स्लॅब, नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात दुसरी मशीन, दिराच्या मुलीचं लग्न, बोअर आटली म्हणून दुसरी बोअर. चक्रवाढ व्याज मी दहावीच्या पोरांना फळ्यावर सोडवून दाखवते. खाली उतरले की माझंच उदाहरण माझ्या पर्समध्ये असायचं. आपल्याला मोठं कारण नसताना कर्ज झालं, याची लाज कारण असण्यापेक्षा जास्त वाटते.

ओडीला दोन जामीनदार लागतात. दोघंही संस्थेतले, कायम नोकरीतले. जो जामीन राहतो त्याला त्या दिवशी गिलावडा खाऊ घालायचा, अशी आमच्या शाळेची पद्धत आहे. दही घातलेला तो वडा खाता खाता माणूस पुढच्या कित्येक वर्षांचा बोजा डोक्यावर घेतो, आणि वर म्हणतो, चटणी अजून टाक. माझे जामीनदार दोन होते. एक आमचे हेडक्लार्क. दुसरी आमची खेळाची बाई. ती माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारी. तिचा आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभी राहून बोलली तरी मला वर्गात फळ्यावर लिहिणं सोडून खिडकी लावायला लागायची. सही करताना तिनं फॉर्म वाचलासुद्धा नव्हता. पुढं तिची बदली संस्थेच्या अकोल्याच्या शाळेत झाली. ती गेली, पण तिची सही माझ्या खात्यावर राहिली.

तिचा फोन आला तो दिवाळीनंतरच्या शाळा सुरू झाल्या तेव्हा. तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन होऊन गेल्यावर तिनं मला सांगितलं, त्यावरून मी तिला आधी बोल बोल बोलले.

"सांगून काय केलं असतं ताई तुमी? तुमी काय डॉक्टर हा?" ती म्हणाली. "ऑपरेशन तं झालं. सरकारी योजनेत बसलं. आता इंजेक्शन सांगतले हायेत, ते योजनेत नाही बसून राह्यले. लय महाग हायेत."

मग ती थांबली. ती थांबणारी बाई नव्हती, म्हणून मला कळलं की पुढं काही आहे.

"एक इचारू? राग नका मानू. तुमची ओडी कधी फिटते?"

इंजेक्शनांसाठी तिनं आमच्याच बँकेच्या अकोला शाखेत कर्ज मागितलं होतं. बँकेनं सांगितलं, तुमच्या पगारावर अमरावतीच्या एका मॅडमचा जामीन चढलेला आहे. त्यांचं खातं उणे आहे तोवर त्यांचा बोजा तुमच्यावर धरला जातो, त्यामुळं तुम्हाला एवढं कर्ज बसत नाही. आधी तिकडून मोकळ्या होऊन या.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा राग आला, आणि तो तिचा आला, हे सांगायला हवं. हिला आत्ताच कसं सुचलं, असं एक क्षण मनात येऊन गेलं. मग माझी मलाच किळस वाटली. मी उठून भांडी घासली, जी घासलेलीच होती.

खरं तर उपाय सोपा होता. तिच्या जागी दुसरा जामीनदार द्यायचा. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये विषय काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे मोकळा माणूस उरलेलाच नाही. बँकेचा नियम असा की एकानं दोघांनाच जामीन राहायचं. इंग्रजीचे सर चित्रकलेच्या सरांना आणि हेडक्लार्कना जामीन. हेडक्लार्क मला आणि विज्ञानाच्या मॅडमला. विज्ञानाच्या मॅडम इंग्रजीच्या सरांना आणि शिपायाला. दोरीनं एकमेकांना बांधून ठेवावं तसे आम्ही सगळे त्या एका टेबलाभोवती डबे उघडून बसलेलो. नवीन लागलेली पोरं होती, पण ती अजून कायम नव्हती. एका सरांची एक जागा रिकामी होती. ते म्हणाले, "मॅडम, माह्या घरी शपथ घालून ठेवली हाय. भावाच्या वक्ताले लय भोगलं आमी." त्यांनी माझ्याकडं न बघता पोळीचा तुकडा भाजीत फिरवत ठेवला. मी त्यांना दोष देत नाही.

त्याच आठवड्यात क्रेडिट कार्डवालीचा फोन आला. हे कार्ड मी कधीकाळी एका प्रदर्शनात, फुकट बॅग मिळते म्हणून काढलं होतं. किराणा, गॅस, औषधं असं वापरून वेळेवर भरत गेले, तसतशी त्या बँकेनं माझी मर्यादा न मागता वाढवत नेली. ती मुलगी नेहमीच फोन करायची आणि मी नेहमीच तिला झिडकारायचे. त्या दिवशी झिडकारलं नाही.

"मॅम, तुमच्या कार्डवर लोन रेडी आहे. नो डॉक्युमेंट, नो गॅरंटर. पंधरा मिनिटांत अकाउंटला."

"काय म्हणालात? गॅरंटर?"

"गॅरंटर लागत नाही मॅम."

मी तिला व्याज विचारलं. तिनं महिन्याचं सांगितलं. मी वर्षाचं विचारलं. तिनं परत महिन्याचंच सांगितलं, आणखी गोड आवाजात. मी म्हटलं, बाई, मी गणित शिकवते. ती खुदकन हसली आणि म्हणाली, मग तर मॅम तुम्हाला इझी जाईल.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी कागद घेऊन बसले. कार्डाचं व्याज ओडीच्या जवळजवळ दीडपट पडत होतं. वर प्रोसेसिंग फी, त्या फीवर जीएसटी, व्याजावर पुन्हा जीएसटी. ओडीत निदान हप्ता नव्हता, जमेल तसं भरायचं. इथं दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम जाणार. मात्र ठरावीक वर्षांत कर्ज संपणार होतं, आणि ओडी काही माझ्या निवृत्तीपर्यंत संपली नसती. मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. पगारातून हप्ता जातो, दूध-किराणा निघतो, मुलाला आता पाठवावं लागत नाही. ओढाताण होती, पण बसत होतं. कार्डाची मर्यादा थोडी कमी पडत होती. तेवढे नवऱ्याच्या दुकानातून आणि माझ्या एका मोडलेल्या भिशीतून निघत होते.

नवरा बाजूला बसून बघत होता. न्यायालयाजवळच्या त्याच्या दुकानात आता कोणी झेरॉक्सला येत नाही, सगळे मोबाईलवर फोटो काढतात. त्यामुळं पैशाच्या विषयात हल्ली तो जपून बोलतो.

"म्हंजे जास्त व्याज भरून कमी व्याजाचं कर्ज फेडून राह्यली तू," तो म्हणाला.

"हो."

"कावून?"

"तुमाले माहीत नाही का कावून?"

"माहीत हाय. पन तिले सांग ना, थोडी थांब म्हना. सोसायटीतून काई होते का पाहू."

"गाठीले सांगू का थांब म्हणून?"

मी हे जरा मोठ्यानं बोलले. त्यानं माझा कागद स्वतःकडं ओढून शेवटचा आकडा वाचला. मग म्हणाला, "कमी पडते ते दुकानातले घे. कर मंग." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्याच्या तोंडचं 'कर मंग' मला आजवर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मी केलं. पैसे खरोखर चहा होईपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ओडी भरून टाकली, खातं बंद करायचा अर्ज दिला आणि बाबूच्या मागं लागून बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला घेतला. त्याच दाखल्यात खाली लिहिलेलं होतं की जामीनदारांना मोकळं करण्यात येत आहे. बँकेच्या पायऱ्यांवरच उभं राहून मी त्याचा फोटो तिला पाठवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या खात्यात उणे नव्हतं. मला लहान पोरीसारखं हलकं वाटत होतं. मी एकटीनंच गिलावडा खाल्ला.

तिचा लगेच फोन आला. आवाज मैदानावरचा होता.

"झाली ताई मी मोकळी. साहेब म्हनले आता फाईल पुढं सरकते. जामीन दोन पाह्यजे. एक आमचे हेडसर झाले तयार."

"अन् दुसरी मी," मी म्हटलं. "आता माझ्यावर कुठं काय आहे?"

"तेच म्हनणार होती मी. तुमी यासाल ना अकोल्याले?"

"येते की."

त्या महिन्यात पगार लांबला. त्यात नवल काहीच नव्हतं. वरून पैसे आले नाहीत, बिलात काही त्रुटी निघाली, असंच काहीतरी. स्टाफरूममध्ये सगळे "आला का" करत होते आणि मीही करत होते. कार्डाच्या हप्त्याची तारीख जवळ आली तेव्हा मी तासातासाला मोबाईलवर बँकेचा मेसेज बघायला लागले. आधी असा महिना आला की मी ओडीतून काढायचे आणि वेळ मारून न्यायचे. आता ओडीच नव्हती. मी कागदावर व्याज मांडलं होतं, फी मांडली होती, दोन्हींवरचा जीएसटीसुद्धा मांडला होता. पगार उशिरा येतो, ही सगळ्या स्टाफरूमला पाठ असलेली गोष्ट तेवढी मांडली नव्हती. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती गणितात धरायची असते हे सुचलंच नाही. भिशी मोडून झालेली, दुकानातले ओडी भरण्यात गेलेले. हप्ता परत गेला. मी उसनवारी करून भरला तेव्हा पाच-सहा दिवस उलटून गेले होते. दंड लागला. मी त्या गोड आवाजाच्या मुलीला शोधत त्यांच्या नंबरवर फोन केला, तर मशीन बोलली. मशीनला मी बरंच काही ऐकवलं.

मला वाटलं, दंड भरला, विषय संपला.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी सकाळची शाळा करून मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. तिचं कर्ज मंजुरीला आलं होतं, माझी सही बाकी होती. आम्ही सकाळपासून फोनवर होतो. बँक बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून मुर्तिजापूरला गाडी जरा जास्त थांबली तरी मी अस्वस्थ झाले. स्टेशनवर तीच आली होती, डोक्याला रुमाल बांधून. एवढी धिप्पाड बाई, आणि ऑटोत बसताना तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला. मी तिच्याकडं बघितलं नाही असं दाखवलं. तिलाही ते कळलं असणार.

बँकेतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. माझं आधार, पॅन घेतलं, पगाराचा दाखला बघितला, कम्प्युटरवर काहीतरी भरलं आणि स्क्रीनवरचं पुन्हा एकदा वाचलं.

"मॅडम, तुमच्या नावावर कार्डाचं लोन दिसतं आहे."

"हो. पण इथं माझं काही नाही. इथलं मी सगळं फेडलं."

"इथलं क्लिअर आहे. पण कार्डाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली दिसते, आणि नुकताच एक हप्ता उशिरा दाखवतं. सिबिल स्कोअर बराच खाली आला आहे. तुम्ही जामीनदार म्हणून बसत नाही."

मी म्हटलं, "अहो, त्या महिन्यात पगारच उशिरा झाला. तुमच्याच बँकेत होतो पगार. तुम्हाला दिसत नाही का?"

"मला दिसतं मॅडम."

"मग?"

"मला दिसतं. सिस्टिमला नाही दिसत."

मी त्याच्यावर आवाज चढवला. तुमची सहकारी बँक आहे की चेष्टा आहे, असं काहीतरी बोलले. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं, "साहेब, यायनं माह्यासाठीच घेतलं ते कार्ड. माह्या नावावरचा बोजा उतरावा म्हून."

तो खरंच वाईट वाटल्यासारखा दिसला. ओडी राहू दिली असती तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ओडी असती तर मॅडमवर बोजा राहिला असता, पण तुमचा स्कोअर चांगला राहिला असता. म्हणजे मी तिला मोकळं केलं नसतं तर तिला कर्ज मिळालं नसतं, आणि मोकळं केलं तर मी जामीन राहू शकत नव्हते. समीकरणाच्या दोन्ही बाजू मी आयुष्यभर फळ्यावर जुळवल्या. इथं दोन्हीकडून शून्यच येत होतं. सहा महिन्यांनी या मॅडम, तोवर स्कोअर सुधारेल, असं तो शेवटी म्हणाला. तिच्या इंजेक्शनांची तारीख पुढच्या आठवड्यातली होती.

माझ्या ओडीतून मोकळे झालेले आमचे हेडक्लार्क तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी जामीन राहून बसले होते, आणि तिच्याही शाळेत मोकळा माणूस नव्हता. आमच्यासारखाच दोरा तिकडंही गुंडाळलेला. अखेर एका जामिनावर निम्मं कर्ज मंजूर झालं. निम्म्या पैशात जेवढी बसली तेवढी इंजेक्शनं तिनं घेतली. तिचा नवरा अकोल्याच्या बाजारात अडत्याकडं दिवाणजी आहे, त्यानं तिकडून थोडं उचललं, त्यात अजून दोन झाली. मी माझ्या गळ्यातलं विकायला काढलं तर ती माझ्यावर अशी ओरडली की फोन कानापासून लांब धरायला लागला. मी तरीही थोडे पैसे पाठवले, ते तिनं तासाभरात परत पाठवले. मग इंजेक्शनं थांबली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले. अकोल्याचं ऊन, कूलर घरघरत होता. डोक्यावर बारीक केस परत आले होते आणि ती त्यावरून सारखा हात फिरवत होती. तिनं मला पन्हं दिलं. शाळेच्या गप्पा झाल्या, मग विषय संपले. मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं, की राहिलेल्या इंजेक्शनांचं डॉक्टर काय म्हणतात.

"म्हनते, पुरे घेतले असते तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "आता पाहू म्हनते. दर तीन महिन्यानं तपासाले बलावलं हाय."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायची वेळ गेली होती. मी म्हटलं, माझ्यामुळं झालं सगळं. तिनं मला रडू दिलं. समजूत बिमजूत घातली नाही, ते तिला कधी जमलं नाही. पेला माझ्या हातातून घेतला, धुवून आणला, परत भरला.

"तुमचा हप्ता या महिन्यात गेला ना येळेवर?" तिनं विचारलं.

"गेला."

"पगार झाला होता?"

"यावेळी आधी झाला."

"मंग चांगलं हाय." तिनं पेला माझ्या हातात दिला. "ताई, ते कार्ड लय वाईट हाय. तुमी परत ओडीच करून घ्या. माहं हे लोन फिटलं का मी मोकळी होतो. मंग मी राह्यतो तुमची जामीन. दुसऱ्या कोनाले इचारू नका."

तिचं कर्ज पाच वर्षांचं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती थट्टा करत नव्हती, आणि पाच वर्षं म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं असंही नाही.

मी म्हटलं, बरं, तूच राहा.